पगार सात तारखेला, चवथ त्याआधी: वाड्यावर आधाराचा गट कसा उभारावा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात सोने तारण ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात डोकावून बघा. बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघत नाहीत. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. मीही त्या बाकावर बसले आहे. बांगड्या ठेवून बाहेर पडले तर पायरीवर आमच्याच वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, एक वहिनी आत शिरत होती. दोघींनीही एकदमच सांगितले, "बाजाराला आले होते." दोघींच्याही हातात पिशवी नव्हती.

आमचा गट त्या पायरीवरून सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही. आज त्यात १४ घरे आहेत. काही माणसे कुंडई आणि मडकईच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर आहेत, दोघे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, एक जण खाजगी बसवर, दोघी शिवणकाम करतात, एक अंगणवाडीत मदतनीस. हिशेबाची वही गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. नवीन गट काढायचा तर काय करावे, असे शेजारच्या वाड्यावरून वारंवार विचारतात. ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी वर्षाचा कागद करा

बचत किती करायची हा प्रश्न पहिल्या दिवशी काढू नका. पहिल्या बैठकीत एक मोठा कागद घ्या, त्यावर बारा महिन्यांचे रकाने आखा. प्रत्येक घराने दोनच गोष्टी सांगायच्या: पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात जातो. किती, ते सांगायचे नाही. आकडा विचारला की माणूस आखडतो, महिना विचारला की बोलतो.

आमचा कागद भरला तेव्हा चित्र स्वच्छ दिसले. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांची मिळकत ऑक्टोबर ते मे. शॅक (वाळूवरची हंगामी हॉटेले) मेअखेर उतरतात, हॉटेलवाले पावसात अर्धी माणसे घरी बसवतात. ट्रॉलरवर जाणाऱ्यांची १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. काजूचे पैसे मार्च ते मे. आणि खर्च? पुस्तके-गणवेश, कौले शाकारणे, पावसातले आजारपण आणि शेवटी चवथ. म्हणजे पैसा सुकतो नेमक्या त्याच चार महिन्यांत खर्चाला पूर येतो. आमच्यातली बहुतेक कर्जे उधळपट्टीची नव्हती. तारखांचा मेळ बसत नव्हता, एवढेच.

याला अर्थात अपवाद आहेत. डिचोली-सत्तरीकडच्या नातेवाइकांना विचारा. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये चालू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू, अशा घराला वर्षाच्या कागदाने फार मदत होत नाही. मिळकत मुळातच गेली असेल तर बचत गट पुरत नाही, काम शोधावे लागते. पण मिळकत आहे आणि वेळेवर नाही अशा घराला हा कागद उपयोगी पडतो. तो जपून ठेवा, पुढचे सगळे नियम त्यावरून निघतात.

किती जण, कोण

१० ते २० घरे. बचत गटाची ही चौकट १९९२ पासून, म्हणजे नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून चालत आलेली आहे आणि ती अनुभवाने बरोबर आहे. दहाच्या खाली एक घर अडचणीत आले की सगळा गट डळमळतो. विसाच्या वर कोणाचे काय चालले आहे ते कळेनासे होते. एका घरातून एकच सदस्य घ्या. सासू-सून दोघी असल्या की मतेही दोन आणि भांडणेही दोन. बायकांचाच गट असेल तर ग्रामीण जीवनोन्नती अभियानात नाव घालता येते. त्याची चौकशी पंचायतीत किंवा गटविकास कार्यालयात करा.

भाड्याने राहणाऱ्यांना घ्यायचे का, यावर आमच्याकडे दोन बैठका गेल्या. "भायले (बाहेरचे) आहेत, उद्या खोली सोडून गेले तर?" हा प्रश्न होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी असे ठरले की पहिले एक वर्ष त्यांनी बचत करायची आणि कर्ज आपल्या बचतीएवढेच घ्यायचे. त्या घराचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. ज्यांनी जास्त आरडाओरडा केला होता त्यांचे मात्र चुकले आहेत, माझ्यासकट.

डबे तीन ठेवा

सगळा पैसा एकाच खात्यात टाकला की तो पहिल्या मोठ्या आजारपणात संपतो. आम्ही महिन्याला तीन वेगळे भाग घेतो.

बचत ५०० रुपये. १४ घरांचे महिन्याला ७,००० होतात, सहा महिन्यांत ४२,०००. कर्जे यातून द्यायची.

चवथीचे ३०० रुपये, ऑक्टोबर ते जुलै. दहा महिन्यांत प्रत्येकीचे ३,००० जमतात आणि ऑगस्टच्या बैठकीत ते जसेच्या तसे परत. यातून कर्ज द्यायचे नाही, कोणी कितीही रडले तरी. या पैशात माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचे) सामान, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) रवा-खोबरे, मुलांचे कपडे होतात. फटाक्यांचे पैसे पुरुषांनी बघावेत, असा आमचा अलिखित ठराव आहे.

तिसरा आधाराचा डबा, ५० रुपये. वर्षाचे ८,४०० होतात. हा पैसा परत मागायचा नाही. घरात मृत्यू, इस्पितळात भरती किंवा कामावरून कमी केले, एवढ्या तीनच कारणांसाठी. रक्कम आधीच ठरलेली, आमच्याकडे २,०००. मागणाऱ्याने तोंडही उघडायचे नाही. दोन सदस्यांनी त्याच दिवशी नेऊन द्यायचे आणि वहीत नुसते 'आधार' लिहायचे. माझ्या मते तिन्हींत हाच डबा सगळ्यांत महत्त्वाचा आणि नवे गट नेमका हाच गाळतात.

५०० जड जात असतील तर १०० ने सुरू करा. घरांनुसार वेगवेगळी रक्कम मात्र ठेवू नका, वाटणीच्या वेळी डोके फुटते.

घरातले कर्ज उघडे करणे

हा भाग अवघड आहे. तो बैठकीत करायचा नाही. ज्याच्या-त्याच्या घरी रात्री जेवण झाल्यावर, नवरा-बायकोने मिळून करायचा. एका कागदावर प्रत्येक देणे लिहा: कोणाला, किती बाकी, महिन्याला किती, व्याज काय. मैत्रिणीकडून घेतलेले ५०० आणि दुकानातली उधारीसुद्धा.

मग प्रत्येक देण्याचे व्याज 'महिन्याला शेकडा किती' या एकाच मापात आणा. बाजारात रोज हप्ता गोळा करणारे असतात. हातात ९,००० ठेवतात आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस नेतात. ऐकायला हजारच रुपये जास्त. पण मुद्दल रोज कमी होत जाते हे धरून मोजले तर तो दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो. सोन्यावरचे बँकेचे कर्ज त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी आपल्याला लाज सोनाराच्या पायरीवर वाटते आणि रोजच्या हप्तेवाल्याला आपण दादा म्हणतो.

'सरळ' व्याज आणि 'घटत्या शिलकेवरचे' व्याज यांतला फरक एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघा. १२,००० रुपये, १२ महिने, शेकडा २. सरळ दराने दर महिन्याला २४० प्रमाणे २,८८० जातात. घटत्या शिलकेवर पहिल्या महिन्याला २४०, दुसऱ्याला २२०, तिसऱ्याला २००, असे करत एकूण १,५६०. दर तोच, फरक १,३२० रुपयांचा. आमच्या गटात घटत्या शिलकेवर शेकडा १ घेतो, म्हणजे या कर्जाचे ७८० होतात आणि तेही गटातच राहतात.

मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपचे वेगळे सांगायला हवे. आमच्यातली एक जण तीन महिने बैठकीला आली नाही. आम्हाला वाटले, रागावली असेल, पाण्याच्या नळावरून काहीतरी झाले होतेच. खरे म्हणजे तिने अ‍ॅपवरून घेतलेले पैसे फुगले होते आणि वसुलीवाले तिच्या फोनमधल्या नंबरांवर फोन करत होते. कोणाला फोन आला असेल या भीतीने ती कोणासमोर येईना. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे कर्ज थेट खात्यात जमा व्हावे लागते, सगळा खर्च आधी एका कागदावर सांगावा लागतो आणि वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाहीत. हे पाळले जात नसेल, धमक्या येत असतील तर फोनवरच्या मेसेजचे फोटो काढून ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर तक्रार करा, पोलिसांत जा. एकटीने जाऊ नका, गटातली दोघे बरोबर घ्या.

त्या प्रकरणानंतर आम्ही दंडाचा नियम उलटा केला. हप्ता नसला तर दंड नाही. न कळवता गैरहजर राहिल्यास २० रुपये. पैसे नसले तरी यायचे, चहा प्यायचा, वहीत शून्य लिहून घ्यायचे. शून्य लिहून घ्यायला पहिल्यांदा फार जड जाते. दुसऱ्यांदा तेवढे नाही.

बैठक आणि वही

पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान होतात, म्हणून बैठक १० नंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी ४ ला, देवळाच्या मंडपात. कोणाच्या घरी नको. घर आले की फराळ आला आणि फराळ आला की चढाओढ.

वह्या तीन: ठराव आणि हजेरीची, रोकडीची आणि प्रत्येकाच्या बचत-कर्जाची. शिवाय प्रत्येकीकडे स्वतःचे छोटे पुस्तक. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, रक्कम मोठ्याने वाचायची, मग लिहायची. पेटीची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे, वही तिसरीकडे.

तिसऱ्या वर्षी हिशेबात ३,४०० रुपयांचा फरक निघाला. मी तीन रात्री वही घेऊन बसले. तोपर्यंत वाड्यावर माझ्याकडे बघण्याची नजर बदलली होती, हे कोणी कबूल करणार नाही पण मला माहीत आहे. सापडले ते असे: एका काकींनी बसथांब्यावर घाईत माझ्या हातात परतफेडीचे पैसे दिले होते. ते मी पर्समध्ये ठेवले, पेटीत टाकले नाहीत, वहीत लिहिले नाहीत आणि आठवड्याच्या बाजारात खर्चून मोकळी झाले. चोरी नव्हती, पण चोरीपेक्षा काही कमीही नव्हते. पैसे भरले आणि तेव्हापासून नियम केला: रस्त्यात, थांब्यावर, लग्नात गटाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. नवीन गटाने हा नियम पहिल्याच पानावर लिहावा.

दोन-तीन बैठका नीट झाल्या की बँकेत गटाच्या नावाने बचत खाते उघडा. ठराव, गटाचा शिक्का आणि पदाधिकाऱ्यांची कागदपत्रे लागतात. खाते उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी मागायची गरज नसते, पदाधिकाऱ्यांची पुरते. कर्ज घेताना मात्र सगळ्यांची लागू शकते. साधारण सहा महिने बचत आणि आपसातले कर्ज नियमित चालले असेल तर बँक गटाला कर्ज देण्याचा विचार करते. घाई करू नका. बँकेचे पहिले कर्ज मिळाले की बैठकीला न येणारेही येतात आणि ते वाटून झाले की येणारेही यायचे थांबतात.

लिलावाची भिशी या गटात मिसळू नका. त्याला १९८२ चा चिट फंड कायदा लागतो, नोंदणी लागते. बाहेरच्या माणसाकडून ठेवही घेऊ नका, 'जास्त व्याज देतो' असे तर कोणाला तोंडीसुद्धा सांगू नका.

कर्ज कोणाला आधी

आजारपण, मग शिक्षण, मग महागडे कर्ज फेडायला, मग धंदा, सगळ्यांत शेवटी समारंभ. सुरुवातीला आपल्या बचतीच्या तिपटीपेक्षा जास्त नाही आणि दोन सदस्यांची हमी.

हप्ते थांबले तर? दोघांनीच जायचे, तेही त्या घराशी बरे असलेल्या दोघांनी. चवथीच्या आठवड्यात नाही, तिठ्यावर बोलणे नाही, पोरांसमोर नाही. नवा हप्ता अर्धा करून मुदत वाढवायची, बैठकीत फक्त 'मुदत वाढवली' एवढेच सांगायचे. हॉटेलात काम करणाऱ्यांना आम्ही जून ते सप्टेंबर फक्त व्याज भरायला सांगतो आणि मुद्दल ऑक्टोबरपासून घेतो. तो वर्षाचा कागद इथे कामाला येतो. तरीही कोणी बुडवणारच, आमच्याकडे एकाने बुडवले. हमीदारांनी अर्धे भरले, अर्धे व्याजातून वळते केले. तो रस्त्यात भेटतो, आम्ही बोलतो.

पुरुमेंत एकत्र भरा

पैसे न साठवताही वाचतात ते इथे. पावसाआधी चार महिन्यांचे सामान, म्हणजे पुरुमेंत, भरून ठेवायची गोव्यात जुनी रीत आहे, घर हिंदूचे असो की ख्रिस्तावाचे. अलीकडे आपण दर आठवड्याला किलो-किलो आणतो आणि महाग पडते.

एप्रिलच्या बैठकीत यादी करा: उकडा तांदूळ, मिरची, चिंच, सोलां (आमसुले), मीठ, कांदे, खोबरेल, सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक कोलंबी). प्रत्येक घराने किलो लिहून द्यायचे आणि निम्मे पैसे आगाऊ. दोघीतिघींनी भाव काढायचे: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मेमधली पुरुमेंताची फेस्ते (चर्चच्या जत्रा), आणि तांदूळ-तेलासाठी बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानातला दर. हरमलची मिरची घ्यायची तर ओळखीच्या घरातून, कारण त्या नावाने काहीही विकतात. मीठ अगरातून थेट पोत्याने आणले तर निम्म्यात पडते, पण ओलसर असते. घरी आणून दोन दिवस निथळू द्या, मग वाटा. आधी वाटले तर शेवटच्या घराला पाणी जाते.

वजन मंडपात, एकाच काट्यावर, सगळ्यांसमोर. टेम्पोचे भाडे किलोवर वाटा, घरावर नाही. १० किलो तांदूळ घेणाऱ्या म्हातारीने ५० किलो घेणाऱ्याएवढे भाडे का द्यावे? उरलेसुरले कोणी नेऊ नये, त्याचा तिथेच लिलाव करावा. मजा येते आणि आधाराच्या डब्यात भर पडते.

भाजीसाठी एवढा खटाटोप नको. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीचा दर असतो, सकाळी लवकर जाणाऱ्याने दोन घरांची आणावी.

कागदांची संध्याकाळ

वर्षातून दोनदा बैठक पैशांची नसते, कागदांची असते. सगळ्यांनी आपापली पिशवी घेऊन यायचे.

पगाराची चिठ्ठी बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणच्या कामगाराचे ०.७५ टक्के ईएसआयला (कामगार राज्य विम्याला) कापले जातात, मालक ३.२५ भरतो. कंत्राटी कामगारालाही ते लागू आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, घरच्यांनाही उपचार मिळतात. आमच्यातले दोघे वर्षानुवर्षे पैसे कापून देत होते आणि आजारी पडल्यावर बिनपगारी रजा घेत होते. कार्डच काढले नव्हते.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे का? तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असल्यास चार लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण नूतनीकरण राहिले की इस्पितळाच्या खिडकीवर कळते. गृह आधार (गृहिणींसाठीची राज्याची मदत) घेणाऱ्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की महिन्याचे १,५०० थांबतात. बँकेतून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा कापला जातो का, मेअखेर खात्यात तेवढे पैसे आहेत का, हेही बघा. पहिल्यात मृत्यूनंतर, दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर २ लाख. वारसाचे नाव बरोबर आहे ना? लग्नाआधी काढलेल्या कागदांवर अजून आईचेच नाव असते.

पैशाशिवायची सावड

शेतात जशी सावड असते तशीच माणसांची. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कोणी भरती झाले तर रात्री थांबणाऱ्यांची पाळी लावा, दोन रात्रींच्या वर एकावर नको. नवरा-बायको दोघे कामाच्या पाळीवर असलेल्या घराचे मूल शाळेतून कोण आणणार, ते महिन्याच्या सुरुवातीला ठरवा. एकाच वसाहतीत जाणाऱ्यांनी एका स्कूटरवर जावे, पेट्रोल निम्मे. याची मात्र वही ठेवू नका. आम्ही ठेवली होती, 'तिच्या तीन वेळा, माझ्या पाच वेळा' सुरू झाले, फाडून टाकली.

वर्षाची वाटणी

चवथ झाली, विसर्जन झाले की त्यानंतरच्या रविवारी वर्षाचा हिशेब. बाहेरच्या एकाकडून वही तपासून घ्या. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात, फी म्हणून नारळ आणि नेवऱ्या घेतात. जमलेल्या व्याजातून बुडीत वजा करा, उरलेले घरांवर समान वाटा किंवा बचतीत वळते करा. गेल्या खेपेला वाटून ११ रुपये उरले. १४ घरांत ते वाटता येईनात, तेव्हा मास्तरांनी विचारले, पेढे आणायचे का. ११ रुपयांत पेढे कुठले येणार, म्हणून ते आधाराच्या डब्यात टाकले आणि त्याचीही नोंद केली.